काटा शून्यावर आला म्हणजे इंजिन गेले काय?

चालत्या गाडीत तेलाच्या दाबाचा काटा एकाएकी शून्यावर पडला की मालकाच्या तोंडचे पाणी पळते. तेल गेले तर इंजिन गेले, एवढे त्याला ठाऊक असते. गॅरेजमध्ये येतो तेव्हा सांगाल त्या रकमेला मान डोलावण्याच्या मनःस्थितीत तो असतो. मिस्त्रीच्या हुनराची आणि दानतीची परीक्षा नेमकी अशा वेळी होते. कारण एक तर दाब खरोखरच गेलेला असतो, नाही तर तो मोजणारा सेन्सर किंवा त्याची वायर तरी बिघडलेली असते. पहिल्या बाबतीत इंजिन खोलण्याची पाळी येऊ शकते, दुसऱ्या बाबतीत काम तास-दोन तासांचे. डॅशबोर्डवर मात्र दोन्ही अगदी एकसारखे दिसते.

हे समजून घेण्यासाठी आम्ही उदाहरण घेतले आहे ते माझदा एमएक्स-५ या दोन आसनी स्पोर्ट्स कारचे. ही गाडी १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या मोटार प्रदर्शनात प्रथम लोकांपुढे आली. अमेरिकेत तिला मियाटा म्हणतात. हिरोशिमात तयार होणाऱ्या या गाड्यांचा आकडा एप्रिल २०१६ मध्ये दहा लाखांवर गेला. पहिल्या पिढीच्या, म्हणजे १९९७ पर्यंतच्या गाड्या अमेरिका, ब्रिटन आणि जपानमध्ये शौकीन लोक अजून जिवापाड जपतात. आपल्याकडे ही गाडी विरळाच; परंतु रत्नागिरी-रायगडकडचे आपले बरेच कारागीर आखातातील गॅरेजमध्ये राबतात आणि तेथे स्पोर्ट्स कार हाताखाली येणे ही नवलाची गोष्ट नाही. शिवाय तपासणीची रीत एकदा कळली की ती कोणत्याही गाडीला थोड्याफार फरकाने लागू पडते.

एमएक्स-५ मध्ये एक गंमत आहे, ती मिस्त्रीने आधी जाणून घेतली पाहिजे. सुरुवातीच्या गाड्यांतील काटा खरा आहे. इंजिनाच्या फेऱ्या वाढल्या की तो वर चढतो, तेल तापले की थोडा उतरतो. १९९५ च्या मॉडेलपासून कंपनीने तेथे साधा स्विच बसविला. काटा तसाच ठेवला, पण तो आता मोजत काहीच नाही. थोडासा दाब आला की उडी मारून मध्यावर जातो आणि तेथेच बसतो. म्हणजे दाब निम्म्यावर आला तरी काटा आपला मध्यावर! जुनी गाडी विकत घेणारा तो काटा पाहून खूष होतो. आमच्या मते यापेक्षा लाल दिवा बरा. तो निदान मोजण्याचा आव तरी आणत नाही. काटा कोणत्या जातीचा आहे हे ओळखणे सोपे आहे. ॲक्सिलरेटर दाबून पाहावा. काटा हलला तर खरा, ढिम्म राहिला तर स्विचवाला. खाली वाकून पाहिले तरी कळते : खऱ्या काट्याचा सेंडर डबीसारखा मोठा असतो, स्विच लहान असतो.

आता तपासणीकडे वळू. काटा शून्यावर आहे असे समजताच इंजिन बंद करावे. गाडी गॅरेजपर्यंत चालवत आणण्याचा मोह टाळावा, ती ओढून आणावी. मग पहिले काम डिपस्टिकचे. हे सांगायला नको असे वाटेल, पण सेन्सर बदलून झाल्यावर तेलच कमी होते असे ध्यानात येण्याचे प्रकार घडतात. तेलाला पेट्रोलचा वास येतो काय, ते पाण्यासारखे पातळ झाले आहे काय, हेही बोटावर घेऊन पाहावे.

नंतर वायर. जुन्या एमएक्स-५ च्या सेंडरला एकच वायर असते. अर्थ मिळतो तो सेंडरच्या आट्यांतून, इंजिनाच्या अंगातून. चावी फिरवून, इंजिन चालू न करता, ही वायर काढावी आणि तिचे टोक क्षणभरच इंजिनाला टेकवावे. काटा वर चढू लागला तर मीटर आणि वायर दोन्ही ठीक. हललाच नाही तर दोष वर आहे, सेंडरला हात लावण्याचे कारण नाही. उलट काटा सतत टोकाला चिकटून बसत असेल आणि वायर काढताच खाली येत असेल, तर सेंडर आतून गेला. वायर काढूनही तो वरच राहिला तर वायर कोठेतरी घासून अर्थ झाली आहे.

आपल्याकडील बहुतेक गाड्यांत काटा नसून लाल दिवा असतो. तेथे चावी फिरविल्यावर दिवा लागला पाहिजे आणि स्विचची वायर काढताच विझला पाहिजे. न विझल्यास वायर अर्थ झालेली.

खरी चूक होते ती यापुढे. काटा शून्यावर होता, वायर टेकविताच चढला. मिस्त्री म्हणतो, सेंडर गेला, नवा आणा. पण या परीक्षेने सुटले फक्त मीटर आणि वायर. सेंडर खोटे बोलतो आहे की दाब नसल्याचे खरे सांगतो आहे, हे कोठे कळले? ते कळण्याचा मार्ग एकच : सेंडर काढून त्याच्या जागी यांत्रिक गेज लावणे. या गेजला वीज नको, वायर नको. नळीतून तेल येते आणि काटा ढकलते. इंजिन चालू करताच काही सेकंदांत गेज उठला नाही तर ताबडतोब बंद करावे. उठला तर इंजिन पूर्ण तापू द्यावे, मग आयडलवर आणि तीन हजार फेऱ्यांवर आकडा पाहावा. दर हजार फेऱ्यांमागे दहा पौंड दाब असावा, हा जुन्या मिस्त्रींचा आडाखा येथेही कामाला येतो. तीन हजारांवर तीस पौंडांच्या खाली दाब राहिला तर काळजीचे कारण आहे. निरोगी इंजिन याहून बरेच वर दाखवते.

गेजने चांगला दाब दाखविला तर सेंडर दोषी आणि मालकाचे इंजिन वाचले. दाब खरोखरच कमी निघाला तर नवा सेंडर विकू नये. तेलाचा ग्रेड, फिल्टर, तेल ओढणारी जाळी, पंप, त्यातील रिलीफ व्हॉल्व्ह आणि शेवटी बेअरिंग, असा शोध घ्यावा लागतो. या गाडीच्या जुन्या इंजिनात थंडीत किंवा तेल जुने झाल्यावर वरून टकटक ऐकू येते. ती बहुधा व्हॉल्व्हच्या हायड्रॉलिक टॅपेटची असते. केवळ त्या आवाजावरून दाब गेला असा निकाल देऊ नये.

बदलताना अडचण जागेची आहे. सेंडर गाडीच्या उजव्या अंगाला, इनटेक मॅनिफोल्डखाली, ऑईल फिल्टरच्या जवळ बसलेला असतो. गाडी उचलून, खाली भक्कम स्टँड देऊन, खालून हात घालणे सोयीचे पडते. इंजिन थंड असावे. थोडे तेल सांडणारच.

त्याहून महत्त्वाची गोष्ट आट्यांची. जपानी सेंडरचे आटे एक अष्टमांश इंचाचे, निमुळते आणि इंचाला २८ असतात. अमेरिकन मापाचे तेवढ्याच आकाराचे आटे इंचाला २७ असतात. हातात घेतले तर फरक दिसत नाही. चुकीचा सेंडर किंवा गेजचा चुकीचा जोड दोन-तीन फेरे सुखाने आत जातो, मग अडतो. तेथे पान्याला जोर लावला की इंजिनाचे आटे गेले. म्हणून आधी हातानेच फिरवावा. निमुळते आटे तळापर्यंत कसायचे नसतात, घट्ट झाले की थांबावे. टेफ्लॉनची पट्टी भरमसाट गुंडाळू नये. अर्थ आट्यांतूनच मिळतो आणि पट्टीचा तुकडा तेलाच्या वाटेत गेला तर नवीच ब्याद.

प्रत्येक स्पोर्ट्स कार मात्र अशी सरळ नसते. १९९७ ते २००४ च्या शेवरोले कॉर्व्हेटमध्ये हा सेन्सर इंजिनाच्या मागच्या टोकाला, इनटेक मॅनिफोल्डच्या पाठीशी दडलेला आहे. खराब झाला की काटा शून्यावर पडतो किंवा टोकाला ऐंशीवर जाऊन बसतो. त्याला तीन वायरी असतात, पाच व्होल्ट, अर्थ आणि सिग्नल. तेथे वायर इंजिनाला टेकविण्याची जुनी परीक्षा करू नये, मल्टिमीटर घ्यावा. पुष्कळ मिस्त्री तेथे पोहोचण्यासाठी मॅनिफोल्डच उचलतात, त्यामुळे मजुरी पार्टपेक्षा जड जाते. ही गोष्ट गिऱ्हाईकाला काम हाती घेण्यापूर्वी सांगावी.

मजुरीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. गेज लावून तपासण्याला वेळ जातो, हात काळे होतात; त्याचे पैसे वेगळे सांगून घ्यावेत. आपले कारागीर येथे संकोचतात, तपासणी फुकट करतात आणि मग ती भरपाई पार्टच्या किमतीत काढतात. गिऱ्हाईकाला संशय येतो तो तेथे. बिलावर गेजचा आकडा लिहून द्यावा, आयडलचा आणि तीन हजारांचा, तारखेसह. काढलेला सेंडर त्याच्या हवाली करावा. पुढच्या वेळी काटा हलला तर तुलनेला तो कागद त्याच्याही कामाचा आणि तुमच्याही.

नवा सेंडर बसविल्यावर वायर लावून इंजिन तापवावे, काट्याची गेजशी तुलना करावी. स्वस्तातले काही सेंडर नवे असूनही पाच-दहा पौंड इकडेतिकडे दाखवतात. मग जुने तेल पुसून घ्यावे आणि रात्रभर गाडीखाली कोरा पुठ्ठा टाकून ठेवावा. सकाळी त्यावर ताजा थेंब दिसला तर आटे पुन्हा तपासावेत. आटे कोरडे असून सेंडरच्या डबीच्या सांध्यातून तेल झिरपत असेल तर तो सेंडर दुकानदाराला परत करावा.