चाळणीतून निसटलेले

ट्रेकरच्या सॅकमधला पाण्याचा फिल्टर मुठीत मावतो. त्याच्या पोटात शेवयांसारख्या बारीक, पोकळ नळ्यांचा जुडगा असतो. डायलिसिसच्या यंत्रातही असेच तंतू असतात. या नळ्यांच्या भिंतींना छिद्रं असतात, साधारण ०.१ मायक्रॉनची. मिलिमीटरचे दहा हजार भाग केले, तर त्यातला एक!

जुलाबांनी हैराण करणाऱ्या जिआर्डियाचं कवचधारी रूप ८ ते १२ मायक्रॉनचं, म्हणजे या छिद्रापुढे अगडबंबच. ई. कोलाय हा जीवाणू एक-दोन मायक्रॉन लांब, तोही अडकतो. वीज नाही, रसायन नाही, ज्याचं त्याचं आकारमानच त्याच्या आड येतं. पण काविळीचा हिपॅटायटिस ए विषाणू असतो ०.०३ मायक्रॉनच्या आसपास. तो खुशाल पार होतो.

आणि गंमत अशी, की विषाणूंचा माणसाला पत्ता लागला तोच मुळी ते फिल्टरमधून निसटले म्हणून. १८८४ मध्ये लुई पाश्चर यांचे सहकारी शार्ल शांबरलां यांनी झिलई न दिलेल्या चिनी मातीचा फिल्टर केला. त्यात जीवाणू अडकत. १८९२ मध्ये रशियात दिमित्री इव्हानोव्स्की यांनी तंबाखूच्या रोगट पानांचा रस अशा फिल्टरमधून गाळला. गाळलेल्या रसानंही निरोगी रोपांना रोग लागला! हे जीवाणूंपेक्षा निराळंच काही आहे, असं १८९८ मध्ये नेदरलँड्सच्या मार्टिनुस बायरिंक यांनी ठामपणे मांडलं.

म्हणून फिल्टर घेताना, पाणी किती नितळ आहे यापेक्षा त्याच्या वरच्या अंगाला कोणाचा वावर आहे, ते आधी पाहावं. उत्तर अमेरिकेतल्या निर्जन डोंगरांत मुख्य भीती जिआर्डियासारख्यांची. तिथे हा फिल्टर बहुतेकदा पुरतो. राजगड, हरिश्चंद्रगडावर माणसांचा राबता, आणि हिपॅटायटिस ए तर माणसाच्या विष्ठेतूनच पसरतो. टाक्यातलं पाणी फिल्टर करून वर उकळावं, नाहीतर क्लोरिनची गोळी टाकून ठरलेला वेळ थांबावं. ही जोडी मला फार आवडते: क्लोरिनला दाद न देणारा क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी फिल्टरमध्ये अडकतो, आणि फिल्टरला चकवणारे विषाणू क्लोरिनच्या तावडीत सापडतात. शेतातून आलेली, पाण्यात विरघळलेली कीटकनाशकं मात्र या दोघांनाही जुमानत नाहीत. तसलं पाणी सोडूनच द्यावं.

हिमालयातल्या थंडीत रात्री फिल्टर स्लीपिंग बॅगमध्ये घ्यावा. आतलं पाणी गोठून फुगलं की तंतू फाटतात, आणि बाहेरून काही कळत नाही.

पावसाळ्यात गाळानं फिल्टर तुंबतो, म्हणून पाणी आधी फडक्यातून गाळावं. फडक्यालाही कमी लेखू नये. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रीटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशातल्या खेड्यांत बायकांना चारपदरी साडीतून पाणी गाळायला सांगितलं. तिथे कॉलरा जवळजवळ निम्म्यावर आला, असं २००३ मध्ये प्रसिद्ध झालं. कॉलऱ्याचे जीवाणू साडीच्या छिद्रांहून कितीतरी लहान, पण पाण्यातल्या बारीक किड्यांना ते चिकटून राहतात, आणि किडे साडीत अडकतात. साडी सुती आणि जुनीच हवी: धुऊन धुऊन सूत पिंजारतं आणि छिद्रं आणखी बारीक होतात.