बर्फ कुठाय, बॉस?

बॉसला मस्का मारून लीव्ह मिळवायची, डेहराडून गाठायचं, तिथून दिवसभर घाटातला प्रवास... आणि औलीत समोर काय, तर पिवळं गवत! स्कीइंगचं वेड असलेले माझे दोन मित्र म्हणतात, 'पुन्हा औली? नो वे!'

मला विचाराल तर दोष उताराचा नाही. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी खेळांचं स्कीइंग इथंच झालं. पण २०२३ च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी रद्द झाली. कृत्रिम बर्फाच्या मशीन? हवा पुरेशी गार नसेल, तर त्याही हात टेकतात. त्याच जानेवारीत खाली जोशीमठची जमीन खचली, घरांना तडे गेले आणि औलीचा रोपवे बंद झाला.

मग गुलमर्ग? तिथला गंडोला जवळपास ३,९५० मीटरपर्यंत नेतो, म्हणून आशा जास्त. पण जानेवारी २०२४ मध्ये तेही कोरडंच होतं.

तेव्हा मंडळी, कॅलेंडर नव्हे, बर्फ पाहून बुकिंग करा. रिफंडच्या अटी आधी वाचा. आणि औलीवर कायमची फुली मारण्याआधी एवढं आठवा: आपली सुट्टी वाया जाते, तिथल्या स्की शिकवणाऱ्यांचा मात्र अख्खा सीझन.