ग्रंथालयाची तालिका आणि तिचे बदलते नियम

ग्रंथालयांत आलेला वाचक ग्रंथपालाला बहुधा एकच प्रश्न विचारतो : अमुक पुस्तक आपल्याकडे आहे काय ? प्रश्न दिसावयास सोपा. परंतु त्याचें बिनचूक उत्तर देतां यावें म्हणून गेलीं पावणेदोनशेंहून अधिक वर्षें ग्रंथपाल नियम करीत आले आहेत, अपुरे ठरलेले नियम टाकून देत आले आहेत, आणि पुन्हा नवे बांधीत आले आहेत. आपल्या डोळ्यांदेखत असाच एक मोठा बदल घडत आहे. कार्डांच्या लाकडी पेट्यांच्या जागीं संगणक आला, आणि कार्डासाठीं केलेले नियम संगणकाला पुरत नाहींत असें दिसून आलें. हे नवे नियम कोणते, ते कां करावे लागले, आणि मराठी पुस्तकांच्या वांट्याला त्यांतून काय येतें, याचा थोडक्यांत विचार करण्याचें येथें योजिलें आहे.

प्रथम तालिका म्हणजे काय हें पाहूं. प्रत्येक ग्रंथालयांत एक दाखल-नोंदवही असते. पुस्तकें ज्या क्रमानें आलीं त्या क्रमानें तींत लिहिलीं जातात. पुस्तकें दोनशें असतील तोंवर हें चालतें. पांच हजार झालीं म्हणजे ती वही पानें उलटणाऱ्याचा अंत पाहते. म्हणून पुस्तकें विषयवार लावावीं लागतात. मेलव्हिल ड्यूई या अमेरिकन गृहस्थानें १८७६ सालीं जी दशांश पद्धति प्रसिद्ध केली, तींत मराठी साहित्याला ८९१.४६ हा अंक मिळालेला आहे. परंतु पुस्तक ही वस्तु एका वेळीं एकाच जागीं उभी राहूं शकते. वाचक मात्र कधीं लेखकाचें नांव घेऊन येतो, कधीं पुस्तकाचें, कधीं नुसता विषय सांगतो. या सर्व वाटा एका पुस्तकापाशीं आणून पोंचविणें हें तालिकेचें काम. कपाट पुस्तकाला एकच जागा देतें. तालिका त्याला दहा दारें देते.

या कामाला शिस्त लावण्याचा पहिला मोठा प्रयत्न लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें झाला. तेथील अँटोनियो पानित्सी यांच्या पुढाकारानें १८४१ सालीं एक्याण्णव नियम छापण्यांत आले. १८७६ सालीं चार्ल्स कटर यांनीं तालिकेचे हेतु स्पष्ट शब्दांत मांडले : वाचकाला हवें तें पुस्तक सांपडावें, एका लेखकाचें वा विषयाचें ग्रंथालयांत काय काय आहे तें कळावें, आणि निवड करण्यास मदत व्हावी. आपल्याकडे पुण्यांत १८४८ सालीं सार्वजनिक ग्रंथालय निघालें. तेंच आजचें पुणें नगर वाचन मंदिर. बडोद्यास श्रीमंत सयाजीराव महाराजांनीं १९१० सालीं विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून आणून राज्यभर ग्रंथालयांची घडी बसविली. पुढें मद्रासेस गणिताचे अध्यापक असलेले शि. रा. रंगनाथन् १९२४ सालीं विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, व त्यांनीं १९३४ सालीं तालिकेची स्वतंत्र नियमावली रचली. वाचकाचा वेळ वांचविणें हें ग्रंथालयाचें कर्तव्यच होय, असें ते सांगत. नियमांची कसोटी पाहावयाची ती याच ठिकाणीं.

आतां अडचण कोठें येते तें पाहण्यासाठीं आपल्या वाघोलीचेंच उदाहरण घ्यावें. हवेली तालुक्यांतील हें ग्रामपंचायतीचें गांव ३० जून २०२१ रोजीं इतर बावीस गांवांबरोबर पुणें महानगरपालिकेंत गेलें. घरें तींच, वाघेश्वराचें देऊळ तेंच, नगर रस्ता तोच. बदलला तो पत्ता. तरीहि जुन्या पत्त्याचें पत्र येथें पोंचतें, कारण टपालवाल्याला दोन्ही पत्ते ठाऊक असतात. उलटपक्षीं, वसईकडेहि एक वाघोली आहे. तेथलें पत्र येथें येऊं नये म्हणून पुढें जिल्हा लिहावा लागतो. एका गोष्टीचीं अनेक नांवें, आणि एका नांवाच्या अनेक गोष्टी : तालिका करणाराच्या पुढें याच दोन अडचणी रोज उभ्या असतात.

मराठी लेखकांच्या नांवांत तर या अडचणींची खाणच आहे. राम गणेश गडकरी यांनीं नाटकें स्वतःच्या नांवानें लिहिलीं, कविता गोविंदाग्रज या नांवानें, आणि विनोदी लेख बाळकराम या नांवानें. तिघांना तीन ठिकाणीं ठेवून गप्प बसावें, तर ते एकच आहेत हें विद्यार्थ्याला कळत नाहीं. सर्वांना एकाच नांवाखालीं कोंबावें, तर गोविंदाग्रजांची कविता शोधणारा रित्या हातानें परत जातो. अलीकडचे नियम सांगतात कीं, लेखकानें निरनिराळ्या लेखनासाठीं निरनिराळीं नांवें बुद्ध्या धारण केलीं असतील तर त्या नांवांना मान द्यावा, आणि प्रत्येक नांवापाशीं 'हेंहि पहा' अशी खूण ठेवून त्यांना एकमेकांशीं जोडावें. टिळकांची गोष्ट याच्या उलट. लोकमान्य बाळ गंगाधर टिळक (१८५६-१९२०) आणि कविवर्य रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) हे एकाच काळांतले, एकाच आडनांवाचे. नुसतें 'टिळक' लिहून भागत नाहीं. पूर्ण नांव व जन्ममृत्यूचीं सालें जोडावीं लागतात.

'यमुनापर्यटन' (१८५७) लिहिणारे बाबा पदमनजी यांचें आडनांव मुळे, आणि पदमनजी हें त्यांच्या वडिलांचें नांव. परंतु 'मुळे' या नांवाखालीं त्यांना शोधणारा वाचक विरळाच. पंडिता रमाबाई माहेरच्या डोंगरे, सासरच्या मेधावी. जग त्यांना ओळखतें तें पंडिता रमाबाई म्हणूनच. याकरितां १९७८ सालच्या सुधारलेल्या अँग्लो-अमेरिकन नियमावलींत भारतीय नांवांसाठीं स्वतंत्र कलम घातलें गेलें : एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापूर्वींच्या लेखकांस त्यांच्या स्वतःच्या नांवाखालीं आणि नंतरच्यांस आडनांवाखालीं नोंदावें. त्यामुळें ज्ञानेश्वर 'ज' च्या पुढें 'ज्ञ' खालीं राहिले, 'कुळकर्णी' म्हणून 'क' खालीं गेले नाहींत. परंतु बाबा पदमनजी ऐन उंबरठ्यावर उभे आहेत. अशा ठिकाणीं नियमाचें बोट धरून थोडें अंतर जातां येतें. पुढें भाषेची व समाजाची ओळखच लागते.

याहून अवघड प्रश्न ग्रंथांचा आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडांत जन्मलेले जेझुइट १५७९ सालीं गोव्यास आले आणि त्यांनीं सुमारें अकरा हजार ओव्यांचें 'ख्रिस्तपुराण' मराठींत रचलें. तें १६१६ सालीं रोमन लिपींत छापलें गेलें; १६४९ व १६५४ सालीं पुन्हा छापलें; या तिन्ही आवृत्त्यांची एकहि प्रत आज उपलब्ध नाहीं. १९०७ सालीं मंगळूरास जोसेफ साल्ढाणा यांनीं हस्तलिखितांवरून रोमन लिपींतच नवी आवृत्ति काढली. लंडनमध्यें देवनागरी हस्तलिखित आहे. १९५६ सालीं पुण्यास शांताराम बंडेलू यांनीं देवनागरींत आवृत्ति काढली. लेखकाचें नांव कोठें स्टीफन्स, कोठें स्टीफन, कोठें पोर्तुगीज वळणानें एस्तेव्हांव. जुन्या पद्धतींत ही प्रत्येक वस्तु वेगळें कार्ड होऊन बसे. देवनागरी प्रतीपुढें उभ्या असलेल्या वाचकाला रोमन प्रत शेजारच्या पेटींत आहे, याचा पत्ताहि लागत नसे.

नव्या विचाराचें मर्म येथेंच आहे. १९९८ सालीं ग्रंथालयांच्या जागतिक संघटनेनें असें मांडलें कीं, कवीच्या मनांतली कृति एक. तिचीं शब्दरूपें, म्हणजे मूळ पाठ, भाषांतर, संस्कारित पाठ, अनेक. प्रत्येक रूपाच्या छापील आवृत्त्या अनेक. आणि आपल्या हातांत असते ती त्यांपैकीं एका आवृत्तीची एक प्रत. तालिकेनें हीं चारी नातीं दाखवावीं. या पायावर २०१० सालीं 'आर.डी.ए.' या नांवाची नवी नियमावली निघाली, आणि ३१ मार्च २०१३ पासून अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयानें ती अमलांत आणली.

तिच्यांतील कांहीं फेरबदल सामान्य वाचकालाहि समजण्याजोगे आहेत. पूर्वीं तिघांहून अधिक लेखक असले तर पहिल्याचेंच नांव नोंदून 'व इतर' म्हणत; आतां सर्वांचीं नांवें देण्यास मोकळीक आहे. पूर्वीं कार्डावर जागा थोडी म्हणून लॅटिन व इंग्रजी संक्षेप वापरीत; आतां साध्या पूर्ण शब्दांत लिहावयाचें. पुस्तक छापील आहे, ध्वनिमुद्रित आहे कीं संगणकावर वाचावयाचें आहे, तें स्पष्ट नोंदावयाचें. आणि मुखपृष्ठाच्या आंतल्या शीर्षकपानावर जें छापलें असेल तें शक्यतों तसेंच उतरून घ्यावयाचें. २०२४ सालीं अहमदनगरचें अहिल्यानगर झालें. परंतु जुन्या मिशनच्या पुस्तकावर 'अहमदनगर' असेल, तर नोंदींतहि तेंच राहील, कारण नोंद ही पुस्तकाची साक्ष आहे.

संगणकाच्या वाटेंत मराठीला मात्र एक निराळेंच विघ्न होतें. १९६०-७० च्या दशकांत काँग्रेस ग्रंथालयांत हेन्रिएट अव्ह्राम यांनीं यंत्राला वाचतां येईल अशा नोंदीचा 'मार्क' नांवाचा आकृतिबंध बसविला. त्यांत प्रत्येक माहितीला अंकानें ओळखला जाणारा रकाना आहे. लेखकासाठीं १००, ग्रंथनामासाठीं २४५. परंतु त्याच्या मूळ वर्णसंचांत देवनागरी नव्हती. काँग्रेस ग्रंथालयाची शाखा १९६२ पासून नव्या दिल्लींत मराठी पुस्तकें खरेदी करीत आली. त्यांच्या नोंदी मात्र रोमन लिपींत होत. त्या लिप्यंतराचा नियम असा कीं शेवटचा 'अ' देखील लिहावयाचा. त्यामुळें 'गोविंदाग्रज' शोधणाऱ्या मराठी माणसानें बोलतांना न उच्चारलेलें अक्षर टंकिलें नाहीं, तर नोंद असून सांपडत नसे. १९९१ सालीं युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तींत देवनागरी आली आणि ही कोंडी फुटूं लागली. आतां ८८० या रकान्यांत मूळ लिपींतील नांव रोमन नांवाला जोडून ठेवतां येतें.

तथापि साधन मिळालें म्हणजे काम झालें असें नव्हे. लहान ग्रंथालयांत हातीं माणसें थोडीं. तेव्हां परदेशीं तयार झालेली नोंद उचलून आपल्या तालिकेंत घालण्याचा मोह होतो. नोंद उचलण्यांत गैर कांहींच नाहीं. पुस्तक हातांत न घेतां ती उचलणें गैर आहे. नांव देवनागरींत प्रथम, रोमन मागाहून. लेखकाचें एक रूप ठरवून बाकीच्या रूपांपासून तेथवर 'पहा' ची खूण. आणि जुनी दाखल-नोंदवही जपून ठेवणें : एवढें पथ्य शाळेच्या ग्रंथालयालाहि पाळतां येईल. पुण्याचे शंकर गणेश दाते यांनीं संगणकाच्या मदतीवांचून १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी ग्रंथांची सूचि सिद्ध करून १९४३ सालीं प्रसिद्ध केली, व १९५० पर्यंतचा पुढील भाग १९६१ सालीं दिला. आपणांस त्या मानानें पुष्कळ सोयी आहेत.

विद्यार्थिमित्रांनीं हें ध्यानांत ठेवावें कीं, चुकीच्या नांवाखालीं नोंदलेलें पुस्तक चोरीस गेलेल्या पुस्तकाइतकेंच नाहींसें होतें. फरक एवढाच कीं त्याची कोणी फिर्याद करीत नाहीं. शंभर मेंढरांतलें एक चुकलें तेव्हां नव्याण्णव मागें ठेवून मेंढपाळ त्याच्या शोधास निघाला, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलों. एक हरवलें आहे हें त्याला कळलें, कारण त्यानें कळप मोजलेला होता. नियम कोणत्याहि देशांत होवोत. गडकरी आणि गोविंदाग्रज एकच, हें मराठी वाचणाऱ्यासच प्रथम ठाऊक असतें. तें तालिकेंत उतरविण्याचें काम दुसरा कोणी आपल्यासाठीं करील, ही आशा धरूं नये. पुढच्या सुटींत ग्रंथपालांस नोंदी तपासावयास दोन हात हवे असतील, तर ते आपल्यांतूनच पुढें यावेत.