एक दिसतो, पण आहेत दोन!

आज आपण एका ताऱ्याची ओळख करून घेऊ. त्याचं नाव एसएस सिग्नी. तो हंस तारकासमूहात आहे. पावसाळा सरला की संध्याकाळी हा समूह उत्तरेकडे उंच दिसतो. हा तारा बघायला मात्र दुर्बीण लागते.

तो शोधला एका बाईने. १८९६ साली अमेरिकेतल्या हार्वर्ड वेधशाळेत लुईझा वेल्स काम करत होत्या. तेव्हा आकाशाचे फोटो काचेवर घेत. त्या काचा तपासताना या ताऱ्याचं तेज बदलतं, हे त्यांनी ओळखलं. साधारण सात-आठ आठवड्यांनी तो सुमारे चाळीस पट उजळतो आणि पुन्हा मंदावतो. अशा ताऱ्यांना बटू नवतारे म्हणतात.

हे का होतं? मोठ्यातल्या मोठ्या दुर्बिणीतूनही तो एक ठिपकाच दिसतो. मग त्याचा प्रकाश लोलकातून पसरवतात. इंद्रधनुष्यासारखा रंगांचा पट्टा मिळतो. त्याला वर्णपट म्हणतात. त्यात बारीक रेघा असतात आणि प्रत्येक वायूच्या रेघांची जागा ठरलेली असते.

एसटी हॉर्न वाजवत जवळ येते तेव्हा आवाज चढा लागतो, पुढे गेली की उतरतो. प्रकाशाचंही तसंच आहे. तारा आपल्याकडे येत असला की रेघा निळ्या रंगाकडे सरकतात, दूर जात असला की तांबड्याकडे.

एसएस सिग्नीच्या पट्ट्यात काही रेघा निळ्याकडे जातात, तेव्हाच दुसऱ्या काही तांबड्याकडे जातात. म्हणजे तारे दोन आहेत! १९५६ साली आल्फ्रेड जॉय यांनी हे मोजमाप प्रसिद्ध केलं. एक फेरी साधारण साडेसहा तासांची. पहाटे पाचला सुरू झाली, तर दुपारी बाराच्या आत पुरी.

त्यातला एक श्वेतबटू. तो पृथ्वीएवढा लहान, पण वजनाने सूर्याच्या तोडीचा. तो जोडीदाराचा वायू ओढून घेतो. वायू थेट पडत नाही, भोवती चकतीसारखा फिरत साठतो. साठा वाढून चकती तापली की वायू भराभर आत सरकतो आणि सारी चकती उजळते. शांत असताना दिसणाऱ्या हायड्रोजनच्या चकाकत्या रेघा तेव्हा फिक्या पडून त्या जागी काळपट रेघा येतात. मग चकती निवते आणि पुन्हा साठवण सुरू होते.

इतक्या लांब कुणी गेलेलं नाही. हे सगळं कळलं ते रेघांवरून.