नैराश्यानंतर पुन्हा कामावर: गैरसमज आणि वस्तुस्थिती

नैराश्यामुळे काही महिने किंवा एखाद-दोन वर्षे नोकरीपासून दूर राहिलेल्या माणसाला सर्वांत जास्त वेळा मिळणारा सल्ला म्हणजे ‘आधी ठणठणीत बरा हो, मग कामाचं बघू’. घरचे हे काळजीपोटी म्हणतात, साहेब जोखीम नको म्हणून म्हणतात आणि आजारी माणूसही हळूहळू तेच म्हणू लागतो. हेतू चांगला असला तरी हा सल्ला चुकीचा आहे. इतर सगळ्या गैरसमजांनी मिळून होत नसेल एवढे नुकसान त्याने होते.

गैरसमज: पूर्ण बरे झाल्याशिवाय कामावर परतू नये.

वस्तुस्थिती: नैराश्याची सगळी लक्षणे एकाच दिवशी जात नाहीत. उपचार लागू पडू लागले की बहुतेकांची झोप, भूक आणि उदासी आधी सुधारते. एकाग्रता, स्मरण, निर्णय घेण्याचा वेग आणि दिवसभर टिकणारा उत्साह मात्र मागे रेंगाळतो. टायफॉइडचा ताप उतरला तरी अशक्तपणा काही आठवडे राहतो, तसेच हे आहे. ‘लक्ष शंभर टक्के लागेल तेव्हाच रुजू होईन’ असे ठरवणारा माणूस अशा मुहूर्ताची वाट पाहतो, जो घरी बसून येण्याची शक्यता कमी असते. लक्ष लागण्याची सवय बरीचशी काम करतानाच परत येते.

उलट, घरी बसण्याचा काळ लांबला की उठण्या-झोपण्याची वेळ ढासळते, सहकाऱ्यांशी संबंध तुटतात, पैशाची चिंता वाढते आणि ‘आपल्याला आता जमणार नाही’ ही समजूत घट्ट होते. या सगळ्या गोष्टी नैराश्याला खतपाणी घालणाऱ्याच आहेत.

हे केवळ मत नाही. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२० मध्ये नैराश्यग्रस्तांच्या कामावर परतण्याविषयीचे ४५ अभ्यास तपासले. त्यांत बारा हजारांहून अधिक माणसे होती. उपचारांच्या जोडीला कामाच्या स्वरूपात किंवा वेळेत बदल केले, तर वर्षभरातील आजारपणाच्या रजेचे दिवस सरासरी २५ ने कमी होतात, असा निष्कर्ष त्यातून निघाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही उपचार आणि कामाशी निगडित मदत एकत्र देण्याची शिफारस आहे. ब्रिटनने २०१० मध्ये आजारपणाच्या दाखल्याचा नमुनाच बदलला. ‘कामास अयोग्य’ याखेरीज ‘काही बदल केल्यास कामास योग्य’ असा दुसरा पर्याय डॉक्टरांना त्यात मिळाला.

असे बदल करून टप्प्याटप्प्याने परतणे म्हणजे नेमके काय? सुरुवातीला अर्धा दिवस किंवा आठवड्यातून तीन दिवस, आणि दर एक-दोन आठवड्यांनी थोडी वाढ. पहिल्या टप्प्यात ओळखीची, ठरावीक शेवट असलेली कामे द्यावीत. नवी जबाबदारी, ग्राहकांच्या तक्रारी आणि टार्गेट नंतर. तोंडी सूचनांपेक्षा लेखी सूचना बऱ्या, कारण विसरण्याची भीती कमी होते. रात्रपाळी टाळावी, बिघडलेली झोप आजार उलटवू शकते. गैरहजेरीत साचलेल्या फायलींचा गठ्ठा पहिल्याच दिवशी टेबलावर ठेवणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत घातक प्रकार आहे. वरिष्ठाने दर आठवड्याला दहा मिनिटे बोलावे आणि ते बोलणे कामापुरते ठेवावे: काय जमते आहे, काय जड जाते आहे.

याचा अर्थ कोणत्याही अवस्थेत कामावर जावे असा नाही. आत्महत्येचे विचार येत असतील, सलग झोप लागत नसेल किंवा अंघोळ-जेवणासारखी रोजची कामेही होत नसतील, तर आधी उपचार. परतण्याची वेळ मनोविकारतज्ज्ञाशी बोलून ठरवावी. वैद्यकीय रजेनंतर सरकारी सेवेत रुजू होताना लागणारे फिटनेस सर्टिफिकेटही माणूस काम करण्यास योग्य आहे एवढेच सांगते. एकही लक्षण उरलेले नाही, असा त्याचा अर्थ नसतो.

गैरसमज: कामात मन गुंतवले की नैराश्य आपोआप जाते.

वस्तुस्थिती: ही पहिल्या चुकीची उलटी बाजू. काम उपचारांना मदत करते, त्यांची जागा घेत नाही. अपमान, अनिश्चितता आणि अमर्याद तास असलेले काम तर आजार वाढवते.

गैरसमज: गोळ्या चालू असताना काम जमत नाही आणि त्यांची चटक लागते.

वस्तुस्थिती: नैराश्यावरच्या औषधांनी नशा होत नाही आणि डोस वाढवत नेण्याची ओढही लागत नाही. काहींना सुरुवातीला गुंगी येते. ती डॉक्टरांना सांगावी, तोवर वाहन किंवा यंत्र चालवू नये. रुजू होताच गोळ्या स्वतःहून बंद करणे मात्र महागात पडते. त्या अचानक थांबवल्यास त्रास होतो आणि लवकर थांबवल्यास आजार उलटू शकतो. म्हणून बरे वाटू लागल्यावरही साधारण सहा महिने किंवा अधिक काळ त्या चालू ठेवून मग हळूहळू कमी करतात.

गैरसमज: दवाखान्यात गेले की आजार ऑफिसला कळतोच.

वस्तुस्थिती: मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २३ नुसार उपचारांची माहिती गोपनीय ठेवणे डॉक्टर आणि रुग्णालयावर बंधनकारक आहे, अपवाद कायद्यातच दिलेले आहेत. मुलाखतीत ‘तब्येतीच्या कारणाने खंड पडला, आता काम करू शकतो’ एवढे उत्तर खरेही आहे आणि पुरेसेही. मात्र कामाच्या वेळेत बदल हवा असेल, तर निदान एका जबाबदार व्यक्तीला गरजेपुरते सांगणे सोयीचे ठरते.

गैरसमज: मानसिक आजार झाला की नोकरी गेलीच.

वस्तुस्थिती: तीव्र मानसिक आजार दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ खाली येऊ शकतो. सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला त्या कारणाने काढण्यास किंवा पदावनत करण्यास सरकारी आस्थापनांना या अधिनियमाच्या कलम २० ने मनाई आहे. डिसेंबर २०२१ मध्ये रवींदर कुमार धारिवाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय राखीव पोलीस दलातील अधिकाऱ्याच्या बाजूने निर्णय दिला. मानसिक दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तीवरची शिस्तभंगाची कारवाई हा अप्रत्यक्ष भेदभाव ठरतो, असे न्यायालयाने म्हटले.

गैरसमज: एकदा झाले की आयुष्यभर हेच.

वस्तुस्थिती: पहिल्यांदा नैराश्यातून बाहेर आलेल्यांपैकी सुमारे निम्म्यांना ते पुन्हा होते, म्हणजे उरलेल्यांना होत नाही. धोका असल्यामुळे तयारी हवी. झोप कमी होणे, चिडचिड, फोन टाळणे अशी स्वतःची आधीची चिन्हे लिहून ठेवावीत आणि ती दिसताच कोणाकडे जायचे हे आधीच ठरवावे. मदतीसाठी केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे. आजार उलटण्याच्या भीतीने काम सोडण्यापेक्षा काम चालू ठेवून लवकर उपचार घेणे अधिक सुरक्षित आहे.