सातपुड्यातलं पांढरं गवत

खानदेशात बर्फ पडत नाही. तरी कडाक्याच्या थंडीत तोरणमाळला पहाटे फिरायला निघालात, तर कधी गवत पांढरं दिसतं, पायाखाली कुरकुरतं. पारा मात्र शून्याच्या वरच! कारण हवामान केंद्राचा तापमापक जमिनीपासून सव्वा मीटरभर उंच, पेटीत असतो. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री गवताची पाती आपली उष्णता आकाशाकडे सोडून हवेपेक्षा काही अंश जास्त गार होतात आणि त्यांवरचं दव गोठतं. ढग असते तर त्यांनी थोडी ऊब परत खाली पाठवली असती.

अशा रात्री रावेर-यावलचे शेतकरी केळीबागेला पाणी देतात, बांधावर धूर करतात. मला विचाराल तर पाणी जास्त भरवशाचं. विहिरीतून येतानाच ते हवेपेक्षा कोमट असतं.