मुमताजची जबानी

मसुरीला निघालेली नर्तकी मुमताज बेगम दिल्लीतच थांबली आणि पुढे जायला तिने साफ नकार दिला. इंदूर दरबारची माणसं सोबत असूनही ती अमृतसरला, आपल्या माहेरच्या गावी निघून गेली. जवळजवळ दहा वर्षं ती इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर (तिसरे) यांच्या आश्रयाला होती. पुढे गाजलेल्या बावला खून खटल्याची गोष्ट सगळे मुंबईतल्या मलबार हिलवरच्या गोळीबारापासून सांगतात. मला ती दिल्लीपासून सांगावीशी वाटते. पुढे जे काही घडलं, ते एका बाईने ‘मला परत जायचं नाही’ म्हटल्यामुळे घडलं.

ती का निघाली, हे तिने नंतर स्वतःच सांगितलं. इंदूरात तिच्यावर सतत पोलिसांची पाळत असे. भेटायला कुणी आलं, अगदी नात्यातलं माणूस आलं, तरी तिसरं कुणीतरी तिथे हजर असायचंच. तिला मुलगी झाली, ती जगली नाही. मुलीला नर्सांनी मारलं, असं मुमताजने साक्षीत सांगितलं. त्यानंतर तिला इंदूरात राहायचं नव्हतं.

अमृतसरलाही दरबारची माणसं पोचली. मग ती मुंबईला आली. तिथे अब्दुल कादर बावला या पंचविशीतल्या धनाढ्य व्यापाऱ्याने तिला आसरा दिला. तो मुंबई महापालिकेचा सभासदही होता. तिला परत पाठव, असा दबाव त्याच्यावर येत राहिला.

१२ जानेवारी १९२५. संध्याकाळी मुमताज, बावला आणि त्याचा मॅनेजर मॅथ्यू मोटारीतून मलबार हिलवर फिरायला निघाले होते. मागून लाल रंगाची मॅक्सवेल मोटार आली, तिने यांची गाडी अडवली आणि आतून माणसं उतरली. बावलावर गोळ्या झाडल्या. मुमताजला ओढून नेताना तिच्या तोंडावर चाकूचे वार केले. बेत तिला उचलून नेण्याचा होता आणि तो तडीसही गेला असता. पण गोल्फ खेळून परतणारे काही इंग्रज लष्करी अधिकारी नेमके त्याच रस्त्याने आले. त्यांतल्या लेफ्टनंट सीगर्ट यांनी गोळ्या लागूनही गोल्फच्या काठीने हल्लेखोरांशी झुंज दिली. मुमताज वाचली, एक आरोपी जागेवर सापडला. बावला इस्पितळात मरण पावला.

हातात सापडलेला हा शफी अहमद इंदूरच्या घोडेस्वार पोलिसांतला निघाला. इथेच प्रकरणाचा रंग पालटला. कमिशनर पॅट्रिक केली यांच्या मुंबई पोलिसांनी मोटारीचा आणि माणसांचा माग काढला. प्रत्येक धागा खंडव्याच्या पुढे, आमच्या इंदूरकडे जात होता. पकडलेल्यांत दरबारचे नोकर होते आणि होळकर लष्करातले अधिकारीही होते. मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती क्रम्प यांच्यापुढे नऊ जणांवर खटला चालला. लष्करातले वरिष्ठ अधिकारी सरदार आनंदराव फणसे यांच्या बचावाला बॅरिस्टर महंमद अली जिना उभे राहिले आणि त्यांची फाशी टळली. शफी अहमद, शामराव दिघे आणि पुष्पशील पोंडे यांना फाशीची शिक्षा झाली. इतर काहींना जन्मठेप, म्हणजे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. पोंडे यांच्या मनाचा तोल गेल्यामुळे त्यांना फाशी दिली गेली नाही.

या माणसांचं बावलाशी वैर नव्हतं, मुमताजशीही नव्हतं. मग त्यांना पाठवलं कुणी? आरोपींच्या पाठीमागे कुणीतरी आहे, पण ते नेमके कोण हे सांगता येत नाही, असं न्यायमूर्तींनीच नमूद केलं.

संशय राजावरच असला तर त्याचा न्याय कोण करणार, हा प्रश्न इंदूरपुरता नाही. चिनी राजदरबारातले कलह आणि त्यांतल्या गुन्ह्यांचा तपास आता मालिकांमधून घरोघरी पाहिला जातो. राण्यांची चढाओढ, अचानक मेलेलं मूल, आणि न डगमगणारा न्यायाधीश. असा न्यायाधीश, तांग काळातला दी रेन्च्ये, हा खराच अधिकारी होता. सम्राज्ञी वू हिच्या दरबारात तो मोठ्या पदाला चढला. मालिकेत असा माणूस थेट अंतःपुरात शिरतो. कायदा मात्र वेगळा होता. इ. स. ६५३ च्या तांग संहितेत आठ प्रकारच्या माणसांसाठी वेगळी वाट होती आणि त्यांत पहिले होते सम्राटाचे नातलग. देहदंडाचा गुन्हा असला तरी अधिकाऱ्याने त्यांना परस्पर शिक्षा सुनवायची नाही; कागद सम्राटाकडे जायचे. आणि खुद्द सम्राटाचे कागद कुणाकडे जाणार?

आपल्याकडे १९२५ सालीही हेच कोडं होतं. संस्थानिक ब्रिटिश कोर्टाच्या कक्षेत येत नसे. त्याची चौकशी करायची तर आयोग नेमावा लागे. त्याचा एक दाखला मराठी राज्यातलाच होता. रेसिडेंट कर्नल फेअर यांच्यावर विषप्रयोग केल्याच्या आरोपावरून १८७५ मध्ये बडोद्याच्या मल्हारराव गायकवाडांची चौकशी झाली. आयोगात सहा जण होते. तिघा इंग्रजांना आरोप पटला, तिघा हिंदी सभासदांना पटला नाही. तरी मल्हाररावांना गादीवरून काढलंच, कारण दिलं गेलं गैरकारभाराचं.

तुकोजीरावांपुढे दोनच पर्याय ठेवले गेले. चौकशी आयोगाला सामोरं जा, नाहीतर गादी सोडा. २६ फेब्रुवारी १९२६ रोजी त्यांनी अल्पवयीन पुत्र यशवंतरावांसाठी गादी सोडली. आयोग बसलाच नाही. त्यामुळे त्यांच्यावरचा आरोप सिद्ध झाला नाही आणि ते निर्दोषही ठरले नाहीत.

पॅट्रिक गेडिससारख्या नगररचनाकाराला बोलावून १९१८ मध्ये इंदूरचा आराखडा करून घेणारे तुकोजीरावच होते, हे इंदूरकर म्हणून मी विसरत नाही. त्यांच्या नावाचं इस्पितळ आजही इथे आहे. पण त्या उपकारांपायी मुमताजची साक्ष बाजूला ठेवणं मला मान्य नाही.

गेली शंभर वर्षं ही हकिकत ‘एका नाचणारीपायी राज्य गेलं’ अशी सांगितली जाते. १९२५ मध्येच कोहिनूर कंपनीने ‘कुलीन कांता’ नावाचा मूकपट काढला, तोही याच प्रकरणावर बेतलेला. राज्य तिच्यापायी गेलं नाही. तिला जाऊ दिलं असतं तर बावला जगला असता, फासावर गेलेलेही जगले असते आणि गादीलाही धक्का लागला नसता. चेहऱ्यावर जखमा घेऊन ती कोर्टात उभी राहिली आणि एका राजाच्या घरात काय चालतं ते तिने मोठ्याने सांगितलं. त्या काळी हे किती कठीण होतं, याचा आपण विचारच करत नाही.

महाराजांनी १९२८ मध्ये बडवाह इथे नॅन्सी मिलर या अमेरिकन तरुणीशी लग्न केलं, त्या शर्मिष्ठादेवी झाल्या. १९७८ मध्ये तुकोजीरावांचं पॅरिसमध्ये निधन झालं. बावलाच्या खुनाबद्दल शिक्षा झाल्या. मुमताजच्या मुलीच्या मृत्यूबद्दल कुणावर खटला भरला गेला नाही.